रिकाम्या डब्याचं वजन

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली मिळाली, खिडकी मिळाली, खिडकीसमोर दुसऱ्याची भिंतही मिळाली. हॉस्पिटलचं स्वयंपाकघर आपल्या अख्ख्या घराच्या चौपट आहे. माझ्या हाताखाली अकरा माणसं दिली आहेत आणि त्या अकराही जणांची समजूत अशी, की मी त्यांच्या हाताखाली आहे. सहा महिन्यांसाठी उसनी आले आहे. तेवढ्यात समजूत काढीन.

आता मुद्द्याचं. निघायच्या आदल्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ढमीबद्दल जे सांगितलं, ते तू दारात उभं राहून घड्याळ बघत ऐकलंस, म्हणजे ऐकलं नाहीस. सात किलो हे मांजराचं वजन नव्हे. पाचावर आणायचं. नाही आणलं तर सांधे जातील, साखर लागेल, आणि मग रोज इंजेक्शन देताना तिला धरायला तूच असशील. सकाळी एक वाटी मांजरांच्या खाण्याचे कोरडे दाणे, रात्री एक वाटी. वाटी म्हणजे ती छोटी, तुझा चहाचा मग नव्हे. दूध बंद. वजन करून मला कळवत जायचं.

आणि आत्ताच सांगून ठेवते. मेपर्यंत वजन उतरलं नाही, तर मी येऊन तिला इकडे आणणार. खोलीत मांजर चालतं, विचारून घेतलंय. तुलाही सुटका. आठ वर्षं तू तिला बिनभाड्याची पोटभाडेकरू म्हणत आला आहेस.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, टपालाच्या तिकिटात मावेल तेवढा सोबत पाठवला आहे.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. कागदावर निदान माझी पाळी येते.

वजन कसं करायचं हे तू मला शिकवावंस? चोवीस वर्षं वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर आहे. माझा शिक्का असल्याशिवाय या गावात बटाटा तोलला जात नाही. मला बघून भाजीवाले तराजू पुसतात आणि सोनार घाम पुसतात.

ढमी काट्यावर एकटी बसत नाही, बसली तर काट्यालाच चावते. पण त्यावर धंद्यातली पद्धत आहे. तेल ओतून तोलता येत नाही, म्हणून तेलवाला काय करतो? आधी रिकामा डबा तोलतो, तो आकडा डब्यावर लिहून टाकतो, आणि मग भरलेल्या डब्यातून तेवढा वजा करतो. इथे डबा म्हणजे मी. रविवारी एकटा काट्यावर उभा राहिलो. साठ. आकडा काट्याच्या पाठीवर रंगाने लिहून ठेवला. मग तिला काखेत मारून उभा राहिलो. सदुसष्ट. माल सात किलो. यात कोणी चूक काढून दाखवावी.

बाकी ठीक. रात्री मी जेवायला बसलो की बाईसाहेब समोरच्या खुर्चीवर, म्हणजे तुझ्या खुर्चीवर, येऊन बसतात आणि बघतात. ओरडणं नाही, मागणं नाही. नुसतं बघणं. माझी खात्याकडून चौकशी झाली होती, तेव्हा तीन साहेबांनी मिळून माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. मला काही त्याचं वाटत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

तुझ्यावर लोभ आहे. मांजरावर नाही, हे तुला ठाऊक आहेच.

दादा


११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

शुभवार्ता. काल डब्यासकट सहासष्ट भरले, म्हणजे माल सहा किलो! महिन्यात एक किलो उतरवला. दाणे मी वाटीने नाही, ऑफिसातल्या लहान तराजूने तोलून घालतो. एक दाणा जास्त पडला तर उचलून परत डब्यात. शिस्त म्हणतात ती ही.

नुसतं बघणाऱ्याला ती कमी झाल्यासारखी वाटणार नाही. उलट खालच्या इस्त्रीवाल्याने परवा मला विचारलं, की हिला पिल्लं होणार आहेत का. मी त्याला सांगितलं, केस फुगलेत. डोळ्यांवर जायचं नाही, काट्यावर जायचं, हे मी दुकानदारांना इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय. माझ्याच घरात मी डोळ्यांवर जाऊ?

रात्रीचं बघणं चालूच आहे. एखादा घास ताटातून खाली जातो, तो ती टिपते. तेवढी सांडलवंड प्रत्येक धंद्यात धरावी लागते. तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

हल्ली चामडं काय वाईट मिळतं बघ. दिवाणखान्यातल्या खिळ्याने पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. सहा महिन्यांत ताणला गेला. दुकानदाराला भेटून झाडणार आहे.

लोभ पूर्ववत, शिक्क्यासह.

दादा


२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाब्बास. ढमीला माझ्यातर्फे शाबासकी दे, खायला काही देऊ नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पट्ट्याचं चामडं जोड्यांसारखं ओलं झाल्याशिवाय ताणत नाही, असं इथला आमचा भांडारवाला म्हणतो. तू पट्टा घालून आंघोळ करतोस का? रात्री काय जेवतोस ते लिही. नुसतं ‘ठीक’ नको. ‘ठीक’ हे पातळ सूप झालं. ते मी इथे पोट बिघडलेल्यांना देते.

इकडे अकरांपैकी सात जण माणसात आले. आठवा अजून मिठाचा डबा लपवून ठेवतो. मोठ्या डॉक्टरांनी परवा बोलावून विचारलं, की सहा महिन्यांनी परत जायलाच हवं का, कायमच्याच राहा ना. पगार बरा देतात. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. तर विचारते आहे.

लोभ असू दे. उत्तराची मात्र वाट बघते.

तुझी,
धाकटी


२३ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

साडेचौसष्ट! साठ वजा जाता उरले साडेचार. डॉक्टरीणबाईंनी पाच मागितले होते, मी अर्धा किलो वर दिला. आता मे उजाडला काय आणि न उजाडला काय, ढमी इथून हलत नाही. म्हणजे तुझ्या अटीप्रमाणे. मला काय, असली तरी आणि नसली तरी.

रात्री मी व्यवस्थित जेवतो. कधी मासा आणतो, कधी अंडी, कधी कोंबडी. खालचा मासेवाला तर म्हणतो, की साहेब, तुमची बहीण गेल्यापासून तुमचा खप वाढला.

उद्या तिला दवाखान्यात नेऊन डॉक्टरीणबाईंकडून तसं लेखी घेतो आणि तुला पाठवतो. नाहीतर तू म्हणशील, दादाच्या काट्याला दादाचाच शिक्का.

तिकडे ऊन फार आहे का?

लोभ, घट न धरता,
दादा


२६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अनर्थ झाला.

दवाखान्यातल्या काट्यावर ढमी आठ किलो भरली. आठ! डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, की तुम्ही तिला काय घालता. मी विचारलं, की तुम्ही तुमचा काटा शेवटचा कधी तपासून घेतला. त्या म्हणाल्या गेल्या वर्षी. मी तसाच ऑफिसात गेलो, खात्याची प्रमाण वजनं पेटीतून काढली आणि घेऊन परत गेलो. बाहेर बसलेल्यांपैकी एका बाईंनी आपला कुत्रा मांडीवर घेतला, म्हणजे माझा आवाज बराच चढला असावा. एक किलो ठेवला, एक दाखवला. पाच ठेवले, पाच. दहा ठेवले, दहा. काटा खरा. मला शिक्का मारून द्यावा लागला.

मग घरी येऊन आपला काटा तपासला. तोही खरा! एक किलो ठेवला, एक. वीस ठेवले, वीस.

दोन खरे काटे, एक मांजर आणि दोन वजनं. चोवीस वर्षांत असं पाहिलं नाही. ऑफिसात कोणाला सांगायची सोय नाही. जेवण जात नाही. तू शहाणी आहेस, विचार करून लिही. आणि मे लागतो आहे हे मला माहीत आहे, ते लिहू नकोस.

लोभ आहे का अजून?

दादा


३० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. काही तरी खाऊन मग बसलास तर उत्तम.

दोन्ही काटे खरे. खोटा आहे तो डबा.

साडेचौसष्ट किलोत आठ किलो मांजर असेल, तर तिला काखेत मारून उभा असलेला माणूस साडेछप्पन किलोचा. फेब्रुवारीत तो साठ होता. तेलाचा डबा जेवत नाही आणि उपाशी राहत नाही, म्हणून त्याच्यावर आकडा लिहून ठेवला तर चालतं. तू माणूस आहेस रे! त्यानंतर एकदा तरी एकटा काट्यावर उभा राहिलास? दर पत्रात मांजर घटल्याचा आनंद कळवत होतास, आणि घटत होतास तू.

चामडं ताणलं म्हणे. खप वाढला म्हणे. मासा आणलास, अंडी आणलीस, कोंबडी आणलीस, आणि खाल्ली कोणी? दाणे तराजूने तोलायचे आणि ताट अख्खं सांडायचं! साडेतीन किलोची सांडलवंड कुठल्या धंद्यात धरतात, ते खात्याला विचारून कळव. मी इथे तीनशे माणसांना मोजून जेवू घालते आणि माझ्या घरात सख्खा भाऊ मांजराच्या उष्ट्यावर जगतो, हे ऐकून आमचा मीठ लपवणारासुद्धा हळहळला.

उद्या सकाळी काट्यावर एकटा उभा राहा. एकटा. आकडा कळव. आणि असं का केलंस तेही.

मी सांगितलेल्या नोकरीबद्दल तू दोन पत्रांत अक्षर लिहिलं नाहीस, ऊन मात्र विचारलंस. इथे ऊन बेताचं आहे.

रागासकट लोभ,
धाकटी


५ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

साडेछप्पन. एकटा.

काट्याच्या पाठीवरचा साठ पुसायला गेलो, रंग निघत नाही. राहू दे. नव्या पोरांना शिकवताना दाखवीन.

का केलं म्हणतेस. तू गेल्यावर पहिल्या रात्री सवयीने दोघांचं शिजवलं. दुसऱ्या रात्री एकाचं शिजवायला घेतलं तर पातेलं इतकं रिकामं दिसायला लागलं, की पुन्हा दोघांचंच टाकलं. मग ती येऊन तुझ्या खुर्चीवर बसली. दिवसभर बिचारी मोजक्या दाण्यांवर. तिच्यासमोर मी एकट्याने कोंबडी खायची? एक तुकडा दिला. तिने तो ज्या आवडीने खाल्ला, तसं मला एकट्याला खाता येत नव्हतं. निदान त्या खुर्चीवर कोणी तरी पोटभर जेवतंय, एवढ्याने मला झोप यायची. भूक आहे का नाही याकडे लक्ष गेलं नाही. यात मायाबिया काही नाही, ढिलाई आहे.

नोकरीचं उत्तर मुद्दाम दिलं नाही. राहा म्हणवत नव्हतं, ये म्हणणं बरं नव्हतं. पगार बरा असेल तर राहा.

आणि अट ती अट. आजवर एका दुकानदाराला सूट दिली नाही, मला कशी घेता येईल? ढमीला ने. भाजीची मोठी टोपली धुऊन ठेवली आहे, तळाशी तुझा जुना स्वेटर घातलाय. कालपासून ती त्यात बसून आहे. तिला वाटतंय, तो पलंग आहे.

लोभ ठेव. बाकी सगळं जप्त केलंस तरी चालेल.

दादा


१० मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टोपलीतून तिला उठव आणि टोपलीत कांदे ठेव.

मोठ्या डॉक्टरांना सांगून आले. म्हटलं, घरी दोन पेशंट आहेत, एक फार भरतो आणि एक फार कमी, आणि दोघांचं पथ्य दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यासारखं नाही. ऑगस्ट लागला की परत माझ्या जुन्या जागेवर. तुझ्यासाठी येते आहे असं समजून उगाच डोळे पुसत बसू नकोस. इथली भिंत बघून कंटाळले, आणि आठवा अजूनही मीठ लपवतो.

तोपर्यंत ढमी तुझ्याकडे. अट नवी. सोबत आमच्या स्वयंपाकघरातला अशक्त पेशंटांचा तक्ता जोडला आहे, तो तुझा. तिचे दाणे तिने न्हाणीघरात दार लावून खायचे, तू तुझं ताट बाहेर. दर रविवारी दोन वजनं हवीत, आणि दोघं वेगवेगळे. एकालाही उचलून घ्यायचं नाही.

खपला तेवढा मासा पुरे. लोभ आहे, आणि तो जेवणानंतर घ्यायचा आहे.

तुझी,
धाकटी


१ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आजचं वजन. ढमी पावणेआठ, टोपलीत बसवून. टोपली दर वेळी नव्याने तोलतो, टोपल्यांवरचाही विश्वास उडाला आहे. मी साडेसत्तावन्न. पट्ट्याच्या नव्या भोकातून जुन्यात आलो. त्या दुकानदाराला उगाच झाडलं होतं, त्याच्याकडून एक पाकीट विकत घेऊन आलो.

न्हाणीघराच्या दाराआडून ती शिव्या देते, मी बाहेर तुझा तक्ता बघत चमच्याने लापशी ढकलतो. पहिल्यांदाच तिची बाजू मला पूर्ण पटली.

तुझी खुर्ची मोकळी करून घेतली आहे. तिला स्टूल दिलं. ती तिथून बघते, पण आता पोट भरलेलं असल्यामुळे मला सहन होतं.

ऑगस्ट लागायला अजून बराच वेळ आहे असं कॅलेंडर म्हणतं. त्याच्यावर कोणाचा शिक्का आहे ते बघायला हवं.

तुझ्यावरच्या लोभाचं वजन या खेपेला कळवत नाही. त्यात डबा किती आणि माल किती, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

तुझा,
दादा