फोटोपुरती खुर्ची

११ जून २०२४

शी! आजचा दिवस घासून पुसून टाकता आला असता तर बरं झालं असतं.

पांढुर्ण्याला ऑनलाइन सेंटरवर गेली होती, बी.ए.चा फॉर्म भरायला. सेंटरवाला अमित टकाटक बटणं दाबत विचारत होता. नाव? उर्वशी गजभिये. गाव? तिगाव. बारावी? दोन हजार अकरा. तिथं त्याचा हात थांबला. 'मग तेरा वर्षं काय केलं?' शपथपत्र लागते म्हणे. या तेरा वर्षांत कुठे शिकत नव्हती, अन् कोणता गुन्हा केला नाही!

बाबा गेले. जिनिंगमध्ये लागली. दहा वर्षं मशीनला कापूस चारला, शेवटी उजव्या हाताची चार बोटं चारली. एवढंच केलं. गुन्हा करायला वेळ कुठे होता.

मग त्यानं हात पाहिला. आवाज एकदम गुळचट झाला. 'अरे ताई, आधी सांगायचं न! दिव्यांगमध्ये टाकतो. सगळं भेटते तुमाले.' जशी माझी लॉटरीच लागली!

ही वही डाव्या हाताला सवय लागावी म्हणून. एवढं लिहायला पाऊण तास गेला. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेली पानावरून.

१३ जून

आईचं तोंड फुगलेलं. तिच्या डोक्यात मोर्शीचा तो माणूस. बायको वारली, दोन लेकरं आहेत. 'हाताचं खपवून घेतो' म्हणाला म्हणे. खपवून घेतो! आईला त्यात देव दिसते, मला ओकारी येते.

भांडून भांडून एक ठरलं. एक वर्ष. पास झाली तर आई मोर्शीचं नाव काढणार नाही. नापास झाली तर मी तोंड उघडणार नाही.

२१ जून

कॉलेजात कागद तपासणी. दारावर पाटी — 'दिव्यांग सहायता प्रभारी'. आत घाटोडे सर. तोंडात खर्रा, सुपारी-तंबाखूचा.

सर्टिफिकेट हातातही घेतलं नाही. 'हात दाखवा.' मी टेबलावर ठेवला. त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला. कायले? कोणाला माहीत. मग बाजूच्या मॅडमला हाक, 'या, पाहा, मशीनमध्ये गेलेला आहे.' मॅडम आल्या, अरेरे म्हणाल्या, तोंडाला पदर लावला. बाजारात किडकं वांगं उलटून पाहावं तसं दोघं पाहत होते. अन् मी हात मागे घेतला नाही! का नाही घेतला?

लेखनिकाचं विचारलं. मी सांगायचं अन् दुसऱ्यानं पेपर लिहायचा, असा नियम आहे. 'सगळं भेटते,' सर म्हणे, 'परीक्षा तर येऊ द्या.' बोलता बोलता खर्र्याचा एक कण माझ्या बारावीच्या मार्कशीटवर उडाला.

घरी येऊन ओल्या फडक्यानं पुसला. पिवळा डाग राहिलाच.

८ जुलै

नाव लागलं यादीत. आनंद व्हायला पाहिजे होता.

५ सप्टेंबर

वर्गात सगळे अठरा-एकोणीसचे. मी एकतीसची. मागून 'आंटी' म्हणतात, समोर काहीच म्हणत नाहीत. बाजूचा बाक रिकामा राहते. आज एकानं विचारलं एकदाचं — 'गोटमारीत गेली का बोटं?' सगळा वर्ग हसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर दोन गावं एकमेकांना गोटे मारतात, तिथं बाया जातात का रे, मूर्खा!

पण खरं सांगायचं तर त्याचा राग कमी आला. त्यानं निदान विचारलं. बाकीचे ओढणीखाली हात कसा आहे ते चोरून पाहतात, अन् मी पाहिलं की नजर फिरवतात. तो जास्त घाण प्रकार.

१८ ऑक्टोबर

सहायता कक्ष नावाची एक खोली आहे, अकरा नंबरची. फॉर्मवर लिहिलं आहे — बसायला जागा, रेकॉर्ड केलेली पुस्तकं, मदतीला माणूस. चार महिने कुलूप पाहून राहिली. आज शिपाई सुखदेवभाऊंच्या मागेच लागली. ते म्हणे, 'कायले पाह्यता बाई? बरं, पाहून घ्या एकदाचं.'

दार उघडलं अन् नाकाला ओढणी लावावी लागली. मोडके बाक छतापर्यंत. उंदरानं कुरतडलेल्या उत्तरपत्रिका. खिडकीत मेलेलं कबूतर, पार वाळून गेलेलं. मधोमध एक चाकाची खुर्ची — कोरी, प्लास्टिकही काढलेलं नाही.

'कोण बसते यावर?'

'कोणीच नाई,' सुखदेवभाऊ म्हणे. 'वर्गात जायले सात पायऱ्या हायेत. खुर्ची चढन का?'

२७ नोव्हेंबर

अंतर्गत परीक्षा. लेखनिक भेटला नाही — 'ही तर छोटी परीक्षा आहे.' डाव्या हातानं लिहिलं. पाचपैकी दोन उत्तरं झाली अन् घंटा वाजली. बाकीची तीन तोंडपाठ होती! डोक्यात होती, हातात उतरली नाहीत.

तीसपैकी सात.

आईनं मार्क विचारले नाहीत. फक्त म्हणाली, 'मोर्शीवाले थांबून आहेत.'

१४ डिसेंबर

लेखनिकाचा अर्ज दिला. हरवला.

९ जानेवारी २०२५

पुन्हा दिला. 'याच्यावर तारीख नाही.' तारीख होती. घाटोडे सर संत्रं सोलत होते, बिया माझ्याच अर्जावर काढून ठेवल्या. कागद परत मागितला तर झटकून दिला. चिकट.

७ फेब्रुवारी

कॉलेजात एकदम धावपळ. सोमवारी तपासणीचं पथक येणार. पायऱ्यांना रंग, कुंड्या, नळाला पाणी. अकरा नंबर रिकामी करून धुतली. मोडके बाक मागच्या आवारात ताडपत्रीखाली.

घाटोडे सरांनी स्वतः बोलावलं. पहिल्यांदा 'बसा' म्हणाले. अर्ज त्यांच्यासमोरच होता, तिसरा. म्हणे, 'उद्या जरा चांगली साडी घालून या. तुमची सही होऊन जाईल.'

साडी कायले ते विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

८ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

अकरा नंबरमध्ये गेली. नवीन पडदे, भिंतीवर 'सेवा' वगैरे चिटकवलेलं. मधात ती खुर्ची, प्लास्टिक काढून पुसलेली. फोटोवाला उभा. सर म्हणे, 'बसा.'

'सर, माझे पाय चांगले आहेत.'

'माहीत आहे हो. फक्त फोटोपुरतं. आपल्याकडे खुर्चीवाला कोणी नाही न. तुम्ही आहा, खुर्ची आहे, झालं.'

'हे खोटं होईल.'

हसले. 'हात तर खरा आहे न तुमचा?' अन् अर्जावर बोट ठेवलं. सहीची जागा कोरी होती.

मला सात मार्क दिसले. मोर्शी दिसली. दारात सुखदेवभाऊ उभे होते, ते बाहेर निघून गेले. 

मी बसली.

फोटोवाला म्हणे, 'मॅडम, थोडं स्माइल.' सर मागून दांडे धरून उभे. मग म्हणे, हात पुढे घ्या, मांडीवर, दिसला पाहिजे. घेतला. पाय हलवू नका म्हणे. हलवले नाही. चांगले धडधाकट पाय मेल्यासारखे धरून बसली. तीन-चार फोटो. एक चालवतानाचा.

सही झाली. निळ्या शाईची. एवढीशी सही!

गाडीत खिडकीला डोकं लावून आली. सरांची किळस आली तर समजू शकते. पण आज मला माझ्या पायांचीसुद्धा शिसारी येऊन राहिली.

९ फेब्रुवारी

आंघोळ दोनदा केली.

२४ फेब्रुवारी

लेखनिक भेटली. सोनाली नाव. बोरगावची पोरगी, इथं वसतिगृहात राहते, अकरावीत आहे. लेखनिक माझ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे, असा नियम.

आल्या आल्या सरळ माझा हात हातात घेतला. 'ताई, थंडीत ठणकते का?'

बोटं गेल्यापासून तीन वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं. ठणकते, म्हटलं. ती म्हणे, 'माह्या बाबाचा पाय ठणकते, तेल कोमट करून लावा.' मग डब्यात काय आहे ते विचारलं. वांग्याची भाजी होती. अर्धी तिनं खाल्ली.

१६ मार्च

रविवार. सोनालीसोबत सराव. मी मराठीत विचार करते, मध्य प्रदेशातलं कॉलेज म्हणून पेपर हिंदीत. अडखळते. ती कंटाळत नाही. पण आज वाचून दाखवलं तर मी न सांगितलेलं एक वाक्य त्यात होतं.

'हे कोणी सांगितलं?'

'मीच टाकलं. बरोबर हाय ताई. तुमाले मार्क भेटतीन.'

'काट.'

'पण बरोबर हाय न!'

'मी सांगितलेलं नाही. काट.'

काटलं, गाल फुगवून. नंतर मलाच माझं हसू आलं. कडू हसू. खुर्चीत बसली तेव्हा कुठे गेली होती ही शहाणी?

२८ एप्रिल

पेपर संपले. सगळे प्रश्न सोडवले. सोनालीची बोटं शेवटी शेवटी वाकडी झाली होती. मी चोळून दिली, माझ्या डाव्या हातानं.

२२ मे

कलाबाईचा फोन. जिनिंगमध्ये माझ्या बाजूच्या मशीनवर होती. रडत होती. 'अवं उर्वशे, पायालेही झालं का वं? अन् सांगितलं नाई!'

समजेचना. मग म्हणे, बस स्टँडवर पाहिलं.

दुपारीच गेली. उन्हात उभी राहून पाहिलं. दोन माणसांएवढा बॅनर. मी खुर्चीत, मागे घाटोडे सर, मांडीवर माझा हात, चांगला दिसेल असा. वर हिंदीत — 'दिव्यांग छात्राओं का अपना महाविद्यालय. प्रवेश प्रारंभ.' माझ्या तोंडावर ते हसू. कोणीतरी खाली पिचकारी मारलेली, लाल, थेट माझ्या चपलांवर. खरं सांगते — थुंकणाऱ्याचा राग आला नाही.

तिथून कॉलेजात. 'बॅनर काढा सर.'

'अहो, मान आहे तुमचा! सौंसरलेही लागला आहे.'

'मी अशी नाही. लोक खरं समजतात.'

सर उठले, दार लोटलं. आवाज तोच गुळचट. 'पुढच्या वर्षीही लेखनिक लागन न तुम्हाला? अन् त्याच्या पुढच्या वर्षी?'

परत आली. त्याच बॅनरखालून बस धरली. माझ्यात अन् त्या वाळलेल्या कबुतरात काय फरक?

१४ जून

निकाल! पास. चोपन्न टक्के. राज्यशास्त्रात एकसष्ट.

आईनं पिठाचे हात पुसले. अंगणात जाऊन मोर्शीला फोन केला. 'नाही जी, दुसरीकडे पाहा. पोरगी शिकून राहिली.' पुन्हा आत येऊन पीठ मळायला बसली, पाठ माझ्याकडे करून.

खूप रडली मी. पण आत कुठेतरी ते कुजकं आहेच — ही सही कशी भेटली ते मला माहीत आहे.

१८ जून

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म द्यायला गेली. पायऱ्यांपाशी एक माणूस, पाठीवर पोरगी. अठरा वर्षांची असेल. ओढणीनं बापाच्या पाठीला बांधलेली, पाय काडीसारखे लोंबून राहिले. अलका नाव. सौंसरच्या पलीकडून दोन बस बदलून आले. बारावीत ब्याऐंशी टक्के. बाप म्हणत होता, पोरीनं बॅनर पाहून हट्टच धरला — ती ताई जाते तर मी काहून नाई.

घाटोडे सर हसत बाहेर आले.

पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणे, 'ताई, बॅनरवर तुम्हीच न? मग तुम्ही उभ्या कशा?'

सगळं सांगितलं. तिथंच, तिच्या बापासमोर, सरांसमोर, खिडकीवरच्या रांगेसमोर. सहीचंही सांगितलं. सर 'अहो मॅडम, अहो मॅडम' करत राहिले. पुढच्या वर्षीची लेखनिक गेली असं समजते.

बाप ओढणीची गाठ घट्ट करायला लागला, परत जायला. पोरगी हलली नाही. म्हणे, 'खुर्ची तरी खरी हाय का?'

हाय, म्हटलं. अन् आणायला गेली.