पपईच्या पानाखालचे पाहुणे

पनवेल, नोव्हेंबर २०११

साडूभाऊ धर्मराज यांना बुधाजीचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईंचा खोकला ताब्यात आहे असं धरून लिहितो. आधी एका खोट्याची किंमत सांगतो : पाहुण्यांसाठी शेजारच्या काशिरामकडून आलेलं पापलेटाचं कालवण, त्याच्या वसुंधरावहिनींनी आणलेली अबोलीची वेणी आणि आमच्या रंजिताचा बापाशी अबोला.

झालं असं, की पपईवर परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण चढलाय. (ढेकूण म्हटल्यावर आमच्या हिनं आधी गाद्या उन्हात टाकल्या.) न्हावा शेव्याला ट्रेलर हाकून उभी केलेली बाग डोळ्यांदेखत पांढरी पडतेय. औषधं हरली, तेव्हा शेतकी केंद्रातल्या साहेबांनी कुपीत चिलटाएवढ्या गांधीलमाश्या दिल्या. त्या ढेकणाच्या पोटात अंडं घालतात आणि पिल्लू त्याला आतून खातं. अट एकच : महिनाभर औषधाचा थेंब नको, नाहीतर आधी माश्याच मरतील. पनवेल तालुक्यात अशी फौज पाळणारा पहिला मी, आणि गुण पहिला माझ्याच बागेला येणार!

कुपी उघडली आणि कुंपणापलीकडे काशिरामचा फवारणीपंप खोकला. (शंभर ट्रेलरांत आपलं इंजिन ओळखणारे कान हे!) वारा आमच्याकडे. धावत गेलो, पण दम लागून तोंडातून एवढंच निघालं, "थांब, पाहुणे आलेत!"

"रंजूला बगाला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आरं, मंग आदी नाय सांगाचा? पावन्यांच्या ताटान औषद उडवू काय मी?" पंप बंद.

तेव्हापासून रोज सकाळी कुंपणावरून विचारतो, "पावनं गेलं का रं?" मी म्हणतो, मुक्कामाला आहेत. मुलगी बघायला आलेले इतके दिवस कुठे राहतात का, साडूभाऊ? रंजिता म्हणाली, "बाबा, माझी स्थळं ढेकणाच्या पोटात राहतात, हे मैत्रिणींना कसं सांगू?" त्यानंतर बोललेली नाही. मी भिंग घेऊन पानं उलटतो, ढेकूण गुबगुबीत. काशिरामची पपईही हातची चाललीय, त्यामुळे रविवारी फवारणारच म्हणतो. फवारलं, की मला झाडं उपटावी लागतील.

आपला,
बुधाजी

ता. क. : गुडघ्याची चौकशी खरीच, पण काम असं. शनिवारी चौघं जण या. तुमच्या पुतण्याला, मिथुनला, इस्त्रीचा शर्ट घाला. त्याचं लग्न झालंय हे इथे कुणाला ठाऊक नाही. पोहे खा आणि "पत्रिका बघून कळवतो" म्हणत आणखी आठवडा काढा.

आणखी एक : पाकीट चिकटवताना काशिराम त्याच्या पपईचं पान घेऊन आला. (हिनं वहिनींना परवाच सगळं सांगितलंय.) म्हणाला, "बुध्या, तुज्या पावन्यांनी माज्या झारावं संसार थाटलाय!" फवारणी त्यानं रद्द केली. पानावर आतून खाल्लेल्या ढेकणांची नुसती पोकळ टरफलं होती. माझ्या झाडांवर असं टरफल अजून एकही नाही.