माझ्या नावावर बंद केलेली टेस्ट

९ फेब्रु., सोम.
सकाळपासून डोकं फिरलंय. निक्सचं, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून सांभाळलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचं, आठवड्याचं अपडेट घेतलं आणि हॅस्केल भाषेतली निम्मी पॅकेजं आडवी. एका लायब्ररीने व्हर्जन बदललं, की तिच्या खांद्यावर बसलेल्या सगळ्या धाडधाड खाली. आता एकेकीचा लॉग वाचा. दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर 'ब्रोकन'चा शिक्का मारून पुढे चला. काम हौसेचं, फुकटचं. शिव्या मात्र पगारी नोकरीपेक्षा जास्त. कुठल्यातरी देशातला कोणीतरी लिहितो, माझं पॅकेज तोडलंत, लाज वाटत नाही का? मी तोडलं? तुझा कोड, तुझी चूक, आणि लाज मला!

त्यात दुपारी लाईट गेली. नायगावात टॉवर आभाळाला टेकलेत, पण वाऱ्याची झुळूक आली की फीडर बसतो. पॅकेजं बांधणारं, बिल्डचं मशीन हॉलमध्ये आहे, इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. अर्धवट झालेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रशांत सातिवलीहून, कामावरून आला. बूट काढता काढता म्हणाला, "कोणी सांगितलंय तुला हे?"
कोणी नाही. नवऱ्याला आणखी काय सांगणार. कुकर लावला.

१० फेब्रु.
आज आमच्याच ऑफिसचं पॅकेज पडलं. मुलांच्या हॉस्पिटलसाठी औषधाचा डोस काढणारी लायब्ररी. बाळाचं वजन घाला, डोस मिळतो, सिरिंजवर लावायचा स्टिकर छापून येतो. कंपनीने ती सगळ्यांसाठी खुली ठेवलीय, म्हणून निक्सच्या गठ्ठ्यात आहे, आणि तिथे तिची राखण माझ्याकडे. नोकरीही तिथेच, हौसही तिथेच. माझंच नशीब.

टेस्ट नापास. परत चालवली, पास. परत, नापास.
टीम लीड रोहितला विचारलं. "फ्लेकी आहे यार. रीरन मार, हिरवं होईल."

फ्लेकी, म्हणजे लहरी! या शब्दाची मला चीड आहे. निक्सचा सगळा धर्मच हा, की आत तेच सामान गेलं तर बाहेर तोच माल आला पाहिजे. माझ्या हॉलमध्ये असो नाहीतर नॉर्वेत. एकदा पास आणि एकदा नापास म्हणजे आत काहीतरी वेगळं जातंय. काय जातंय ते शोधायचं सोडून रीरन मार म्हणे.

११ फेब्रु.
सापडलं.

ही टेस्ट दर वेळी मनाला येतील ते आकडे घेऊन हिशोब तपासते. ते आकडे ज्या बीजातून निघतात ते लॉगमध्ये असतं. नापास झालेल्या वेळचं बीज घेऊन पक्कं बसवलं. आता शंभर वेळा चालवा, शंभर वेळा पडते. फ्लेकी नव्हतीच कधी. बिचारी खरं बोलत होती, कधीमधी.

०.१ पेक्षा लहान आकडा आला की हॅस्केल तो वेगळ्या तऱ्हेने लिहितं. ०.०५ ला लिहितं 5.0e-2. म्हणजे पाच, पण पॉइंट दोन घरं डावीकडे न्या. बरोबरच आहे. पण स्टिकर छापणारा आमचा कोड 'e' आला की वाचणंच थांबवतो. त्याच्या लेखी 5.0. पाच.

०.०५ एमएल द्यायचं, आणि स्टिकरवर पाच. शंभर पट.
इतका छोटा डोस कोणाला देतात? नुकत्याच जन्मलेल्या, दिवस न भरलेल्या बाळांना.

पॅकेजवर 'ब्रोकन'चा शिक्का मारला. रोहितला सगळं लिहून पाठवलं, बीजासकट.

१२ फेब्रु.
रोहितचा कॉल. मी म्हटलं, वाचलंस?
"वाचलं. पण उद्या रिलीज आहे, वैशू. तू ब्रोकन मारलंस म्हणून आमचं बिल्ड थांबलंय."
"थांबायलाच पाहिजे."
"एज केस आहे, क्वचितच होणारी. पुढच्या स्प्रिंटमध्ये, दोन आठवड्यांनी घेऊ."
"एज केस म्हणजे कोण? नऊशे ग्रॅमचं बाळ?"
"इमोशनल होऊ नकोस."
फोन ठेवला. नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

संध्याकाळी त्याच्याकडून एक छोटा बदल आला. फक्त व्हर्जनचा नंबर. उद्या दुरुस्ती येईल, तोवर एवढं करून ठेवू, म्हणाला. एका ओळीचा बदल, बरोबर होता. अप्रूव्ह केला.

१३ फेब्रु.
हलकट. हलकट. हलकट.

माझ्या अप्रूव्हलनंतर त्याने बदलाच्या त्याच विनंतीत आणखी दोन ओळी ढकलल्या. एकीने ब्रोकनचा शिक्का काढला. दुसरीने टेस्ट बंद केली. निक्समध्ये त्यासाठी एक शब्द पुरतो: dontCheck. तपासू नका. बस. पॅकेज हिरवं. कंपनीचं रिलीज बाहेर पडलं.
आणि वर माझं नाव: हिने पाहिलं, हिने मान्य केलं.

मर्ज, म्हणजे बदल मुख्य गठ्ठ्यात घेणं, मार्टेनने केलं. चार वर्षं हे काम आम्ही दोघं मिळून करतोय, आवाजसुद्धा ऐकलेला नाही कधी त्याचा. विचारलं, तर लिहितो, "तुझी मान्यता दिसली म्हणून केलं. तू पाहिलंस म्हणजे मी पाहात नाही." त्याचं काही चुकलं नाही. त्या विश्वासाचाच तर रोहितने वापर केला.

रोहितला फोन. उचलला नाही. मग मेसेज: 'टेंपररी आहे, चिल.'

प्रशांतला सांगताना आवाज चढला. तो म्हणाला, "माझ्यावर का ओरडतेस?" खरंय. पण ओरडायला घरात दुसरं कोण होतं?

१४ फेब्रु., शनि.
काल रात्रभर एकच डोक्यात. बग आजचा नाही. टेस्ट आजवर नशिबाने पास होत आली, म्हणजे आधीच्या व्हर्जनमध्येही तो आहेच. आणि ते व्हर्जन वापरात आहे. फुलपाड्यातल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात आमचा पायलट, म्हणजे प्रायोगिक वापर, चालू आहे.

सकाळी गेले. दारातल्या मावशींनी अडवलं. "कोन पायजे? डाक्टरबाई राऊंडला हायेत. बस तिकडं."

डॉ. चौधरी बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. मी कंपनीतली म्हटल्यावर चेहरा पडला. "आज कशाचं ट्रेनिंग? माझ्याकडे वेळ नाही."
म्हटलं, ट्रेनिंग नाही. एक बाळ घालून बघा, नऊशे ग्रॅमचं.

त्यांनी स्वतः टॅबमध्ये आकडे भरले. प्रिंटर कुरकुरला. स्टिकर हातात घेतला, चष्मा खाली ओढला. 5.0 एमएल.

"हे कधीपासून आहे?"
"पहिल्या दिवसापासून असावं."
"असावं?" आवाज वॉर्डात गेला असेल. "माझ्याकडे आत्ता तीन बाळं आहेत आत! तुमच्या माणसाने मला सांगितलं, सगळ्या टेस्ट पास आहेत. त्याच्यावर माझ्या सह्या घेतल्यात!"

त्या आत गेल्या, एका सिस्टरला घेऊन एकेक ट्रे पाहून आल्या. तिन्ही बाळांचे डोस सिस्टरांनी हातानेच काढले होते, आणि तसंही एक एमएलच्या सिरिंजमध्ये पाच मावत नाहीत. कोणाला काही झालेलं नाही.
"माझ्या सिस्टर जुन्या आहेत म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या कोणी नवी आली, मोठी सिरिंज उचलली, तर?"
प्रिंटरची पिन भिंतीतून ओढून काढली. मग माझ्याकडे वळल्या. "तू कोणाला विचारून आलीस?"
"कोणाला नाही."
"मग तुझी नोकरी?"
माहीत नाही म्हटलं.
"चहा घेणार?" नको म्हटलं. घ्यायला हवा होता. बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

१६ फेब्रु., सोम.
डॉक्टरांनी कंपनीला लिहिलं. अर्थात लिहिणारच, लिहायलाच हवं. दुपारी एचआरचं मेल: परवानगीशिवाय ग्राहकाशी संपर्क, गोपनीय माहिती उघड. शुक्रवारी हजर राहा, लॅपटॉप घेऊन या. लॅपटॉप घेऊन या म्हणजे काय ते कळतं मला. बगबद्दल त्या मेलमध्ये अवाक्षर नाही. एकही नाही!

मार्टेनने रोहितच्या ओळी उलटवल्या. पॅकेज परत ब्रोकन. खाली लिहिलं, वैशालीने हे मान्य केलेलं नव्हतं. जगासमोर लिहिलं. तेवढ्याने थोडं बरं वाटलं.

प्रशांतने मेल दोनदा वाचलं. म्हणाला, "सही काही करू नकोस तिथे. आणि मी येतो ऑफिसच्या खालपर्यंत." कोणी सांगितलंय तुला हे, असं मात्र नाही म्हणाला.

१८ फेब्रु.
रोहितची नवी विनंती आली. 'बग फिक्स्ड, टेस्ट चालू, सगळं हिरवं. रिव्ह्यू प्लीज.' शेवटी एक हसरा चेहरा.
क्षणभर वाटलं, केलं एकदाचं.
बदल उघडून पाहिला. वाचणाऱ्या कोडला हातही लावलेला नाही. टेस्टच बदललीय. आता ती तीन किलोच्या खालचं बाळ घेतच नाही.

म्हणजे विचारायचंच नाही. ज्या बाळाचा डोस चुकणार ते मोजायचंच नाही.

'नामंजूर' दाबलं. खाली एकच ओळ लिहिली: मुलांच्या हॉस्पिटलात तीन किलोच्या आतली बाळंही येतात.

१९ फेब्रु.
मार्टेन विचारतो, नोकरीचं मिटेपर्यंत राखणदारांच्या यादीतून तुझं नाव काढून ठेवू का? म्हणजे कंपनीला तुझ्यावर दबाव टाकता येणार नाही. भल्यासाठीच म्हणतोय. पण नाव काढलं तर पुढच्या वेळी रोहितला नामंजूर कोण म्हणणार? उत्तर दिलेलं नाही.

संध्याकाळी रोहित स्वतः. खालीच उभा होता, बिल्डिंगच्या गेटवर. दाढी वाढलेली. वर ये म्हटलं नाही मी, तोही आला नाही.
"माझ्यावरही वरून प्रेशर होतं, वैशू."
"मग वर सांग."
"मी सांगितलं तर मी जाईन."
"आणि मी?"
मग म्हणाला, "उद्या एचआरच्या खोलीत मीही असेन. तू टेस्टचं, माझ्या त्या दोन ओळींचं, सगळं सांग. मी नाही म्हणणार नाही. गप्प बसेन."

गप्प बसेन! जणू केवढे उपकार. मी तशीच लिफ्टकडे वळले.
वर आल्यावर मात्र विचार करतेय. त्याने उद्या नाही म्हटलं, तर माझ्या शब्दासमोर त्याचा शब्द. आणि गप्प बसला, तर त्या खोलीत निदान एकजण तरी खोटं बोलणार नाही.
हो म्हणेल का पण, कोणी थेट विचारलं तर? हे विचारायचं राहूनच गेलं त्याला.