लपणातून कोणी बाहेर यायचं

३ एप्रिल

चि. छोटीस, अ. उ. आ.

प्रदर्शनासाठी फोटो मागवणारं पत्रक आलं. दर वर्षी त्यावर माझा फोटो असतो. यंदा तुझा आंघोळ करणारा चिमणा पाहून आनंद झाला, असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं सांगू? अंगाचा तिळपापड झाला. पाखरांना दिसू नये म्हणून ज्या तंबूत बसतेस, ते तुझं लपण मी शिवलं. दुकानातल्या हिरव्या पडद्याच्या कापडाला दुहेरी शिलाई मारली, कॅमेऱ्यासाठी खिडकी माझ्या कात्रीने कापली. आणि त्यात बसून बाईसाहेब आमचीच जागा पटकावतात!

इकडे परसातल्या भिंतीच्या भोकात दयाळाच्या जोडीने घरटं केलंय. पण मी लपणात शिरलो की दोघं तारेवर बसून मी बाहेर यायची वाट बघतात. मुदत महिनाअखेरची. प्रदर्शनाच्या भिंतीवर माझा फोटो नसला तर प्रत्येक गिऱ्हाईक विचारेल, मास्तर, यंदा काय झालं? तुझ्याकडचे पक्षी भोळे असावेत.

लोभ माझ्याकडून सध्या थोडा कमी पडतोय, सांभाळून घे.

दादा


९ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

इथले पक्षीही तितकेच बेरकी आहेत. मी लपणात जाताना हे सोबत येतात आणि मला बसवून एकटेच परत जातात. एक माणूस गेलं की पाखरांना वाटतं, लपण रिकामं झालं. ही युक्ती तुझीच ना? गेल्या वर्षी लग्न होऊन इकडे येईपर्यंत तुझ्याबरोबर जाऊन परत फिरणारी मीच होते. तू आत बसून दयाळ बघायचास, मी घरात येऊन कणीक मळायचे. तुझ्या प्रत्येक फोटोवर मी जळले आहे, त्यामुळे आता तू जळतोस याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

नाक मुठीत धरून एकदा वहिनीला विचार.

माया पातळ करू नये ही विनंती.

छोटी


१९ एप्रिल

चि. सौ. छोटीस, अ. आ.

परवा सकाळी तुझे दादा म्हणाले, चल, लपणात जाऊ. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी म्हणाले नव्हते. मी केस नीट विंचरले, थर्मासमध्ये चहा भरला, दोन कप घेतले, बसायला उशी घेतली. आत जेमतेम टेकले, तर म्हणतात, आता तू जा, म्हणजे पाखरं येतील. चहा तिथेच ठेवून निघून आले. दयाळ आला तेव्हा हे म्हणे चहा ओतून घेत होते. बरं झालं!

तुम्ही बहीणभाऊ हसतखिदळत परसात जायचात, ते मी खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, तू सामान पोहोचवायला जातेस. तेवढं चालणंही मला मिळालं नाही, म्हणून तुझा हेवा वाटायचा. आता लिहूनच टाकते. सध्या मी अबोला धरला आहे.

तुझ्यावरचा राग गेला, जीव आहे तो राहू दे.

वहिनी


२ मे

चि. छोटीस, अ. उ. आ.

तुझ्या वहिनीला पुन्हा लपणात बोलावलं, काही झालं तरी जा म्हणायचं नाही असं ठरवून. चहा झाला. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिलो. अर्थात एकही पाखरू फिरकलं नाही. मग तीच म्हणाली, आता तुम्ही जा. मी हसण्यावारी नेलं, तर तिने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घातला. निमूट घरात आलो. तिकडे कॅमेरा वाजत होता आणि इकडे माझा जीव वरखाली होत होता.

तिने काढलेल्या फोटोत दयाळाची मादी फांदीवर पिलाला अळी भरवते आहे. अळी अर्धी हिच्या चोचीत, अर्धी त्याच्या. इतकी वर्षं ज्यासाठी कंबर मोडून बसलो, तो हा फोटो. मुदत संपत आली होती, आणि माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. फोटोखाली नाव कुणाचं घालायचं, यावर शेवटच्या दिवसापर्यंत घुटमळलो. लपण माझं, कॅमेरा माझा, असं मनाला सांगून पाहिलं. मनाला पटलं, हाताला पटेना. तिचं नाव घातलं आणि पाठवून दिला. ती घरभर गुणगुणत फिरते आहे आणि मी जळून कोळसा झालोय.

प्रदर्शनाला आम्ही दोघं येतो आहोत. तू आधी जाऊन आयोजकांना एवढं सांग, की आम्हा दोघींचे फोटो समोरासमोरच्या भिंतींवर लावा. एका वेळी एकीवरच जळायची माझी ताकद आहे.

लोभ आहेच, दिसायला जरा वेळ लागेल.

दादा