उसना गळा

लिवा, १९ जानेवारी

प्रिय भाऊ मतर यास,
सलाम. अल्लाच्या कृपेने इथे सगळे खुशाल आहेत. तुलाही आराम पडत असेल आणि जर्मनीतली थंडी फार बाधत नसेल, अशी आशा करतो.

दल्मूककाका उद्या तुझ्याकडे यायला निघतायत. आईने त्यांच्याबरोबर खजूर आणि तूप दिलंय. मी हे पत्र देतोय. फोनवर बोललो असतो, पण तेव्हा बाबा शेजारी बसलेले असतात.

आईचे गुडघे तसेच आहेत. थोरल्या उंटिणीला पिल्लू झालं, रंगाने अगदी आईवर गेलंय. वारा फार सुटलाय, दारात रोज वाळूचा ढीग.

तू दर वेळी गैमाची चौकशी करतोस आणि बाबा सांगतात, "मजेत आहे तुझी ससाणी, खातेय-पितेय." म्हणून आज तिच्याबद्दलच लिहितो.

तू गेल्यावर ती माझ्या हातमोज्यावर बसायला लागली, माझ्या हातून खायचीही. पण उडवली की परत यायची नाही. मी पिसांचं आमिष गरगर फिरवायचो, घसा बसेपर्यंत हाका मारायचो. ती लांब टेकाडावर नुसती बसून राहायची. एकदा बाबांनी फोनमध्ये साठवलेली तुझी हाक मोठ्याने लावली. गैमा सरळ खाली आली.

त्याच संध्याकाळी बैठकीत बाबांनी ते सगळ्यांना सांगितलं. "आमच्या सरूरला हाक मारायलासुद्धा धाकट्याचा गळा उसना घ्यावा लागतो."

काका म्हणाले, "मग निकाहाला 'कबूल' म्हणायलाही मतरलाच बसवा."

सगळे पोट धरून हसले. कॉफी मीच ओतत होतो. मीही हसलो.

ससाण्यांच्या शर्यतीच्या दिवशी अर्धा लिवा मैदानावर आला होता. पलीकडच्या टोकाला काकांच्या हातावर गैमा, इकडे आमिष घेऊन मी. बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या हातात फोन ठेवला. "हे लाव. आज स्वतःची लाज आणि माझं नाव, दोन्ही राख."

मी फोन खिशात घातला. काकांनी तिच्या डोळ्यांवरची टोपी काढली. मी माझ्या आवाजात हाक मारली.

ती आली रे. जमिनीलगत, बाणासारखी. अर्ध्या वाटेपर्यंत ती माझ्याकडेच येत होती, हे मी शपथेवर सांगतो. मग काय झालं कळलं नाही. ती वळली, गाड्यांवरून एक फेरी मारली आणि टेकड्यांपलीकडे गेली. मागून बाबांचा आवाज आला, "मतर असता तर आली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पाठीवरच्या, ठावठिकाणा दाखवणाऱ्या यंत्राच्या खुणेवर मी एकटाच निघालो. विजेच्या तारांखाली सापडली. मेलेली होती, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी तिला बागेत स्वतःच्या हाताने पुरलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती मेलेली नव्हती, मतर.

उजवा पंख मोडला होता. ससाण्यांच्या दवाखान्यात याहून वाईट मोडलेले पंख जोडतात, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मी वाळूत बसलो आणि तिला हाक मारली. तिने मान फिरवली. पुन्हा मारली, मांस पुढे केलं. ती जागची हलली नाही. मग मी माझ्याच खिशात राहिलेला बाबांचा फोन काढून वाळूवर ठेवला आणि तुझा आवाज लावला. मोडका पंख ओढत ती खुरडत खुरडत आली आणि त्या फोनला चोच लावून उभी राहिली.

मी तिची मान पिरगळली. फार जोर लागला नाही.

वाईट वाटेल, असं समजत होतो. तसं काही वाटलं नाही. घरी आलो, हात धुतले, आईने वाढलेला भात खाल्ला.

परवा बाबांनी नवं पाखरू आणलंय. "मतर येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही," म्हणाले. कुणी म्हणजे, मी सोडून घरात दुसरं आहे कोण?

ऑपरेशन होईपर्यंत गैमाबद्दल तुला अक्षर कळता कामा नये, अशी त्यांची ताकीद आहे. डॉक्टर म्हणालेत ना, मन शांत राहायला हवं म्हणून. काका रविवारी संध्याकाळी तुझ्या खाटेशी पोहोचतील. सोमवारी सकाळी तुला आत नेणार. हे सगळं पाहूनच मी आज लिहायला बसलो. बाबांना सांगितलंय, पत्रात घरची खुशाली आहे.

आईने शेवटी एवढं लिहायला सांगितलंय: अल्ला तुला सुखरूप घरी आणो. हे वाक्य तिचं आहे.

तुझा सख्खा थोरला भाऊ,
सरूर