कोळंबीच्या बोटीचा परवाना कोणाला मिळावा

मी, वय वर्षे तेवीस, धंदा कोळंबी पकडणे, शिक्षण अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून व स्वखुशीने लिहीत आहे. प्यायलेलो नाही, शेजारी बसलेल्या मामांनी तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे. परवा मी परक्या देशाच्या ट्रॉलरवर दोन वर्षांच्या कराराने जात आहे. तिथल्या थंड समुद्रात पडलेला माणूस सहसा सापडत नाही, म्हणून ही लिखापढी.

कलम १. घर, भांडीकुंडी व बँकेतली शिल्लक आईची. माझी खोली तिने भाड्याने द्यावी, पण जाळ्याच्या वासावर नाक मुरडणाऱ्याला देऊ नये.

कलम २. कोळंबीच्या व्यापाऱ्याला, ज्याला सगळा धक्का शेठ म्हणतो: माझ्या बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी, सगळंच्या सगळं. माझा माल घेताना शेठ क्रेट तिरपे ठेवायचे, पाणी निथळल्याशिवाय काट्यावर चढवायचे नाहीत. तीच कोळंबी परदेशी पाठवताना मात्र पाण्यात बुचकळून तिच्यावर बर्फाचा थर चढवायचे आणि तो थरही कोळंबीच्या भावाने विकायचे. पाण्याचे पैसे त्यांना करता येतात. करोत.

वडील गेले, मी कॉलेज सोडून बोटीवर आलो, त्या वर्षी कुठल्याशा देशात तळ्यातली कोळंबी उदंड झाली आणि आमचा भाव कोसळला. मान्य. एवढं पुस्तकात होतं. पुढच्या हंगामात त्या तळ्यांत रोग पडला, जगभर भाव चढला. मी वाढवून मागितलं तर शेठ म्हणाले, "पोरा, तिकडचं तिकडे. इथे डिझेल केवढं महागलंय!" डिझेल मी भरत होतो! या एका वाक्यासाठी मी त्यांना मेल्यावरही माफ करणार नाही.

कलम ३. शेठच्या मुलाला, ऊर्फ हातमोजे (उघड्या हाताने कोळंबीला शिवत नाही म्हणून): माझा बोटीवरचा बनियन, न धुता.

कलम ४. बोट कुजली आहे, मामांनी मोडीत काढावी. परवाना मात्र शाबूत आहे. सरकारने नवे परवाने बंद केले आहेत, आणि जुना मिळाल्याशिवाय शेठची नवी कोरी बोट जागची हलत नाही. हा परवाना मी बर्फ कारखानदाराच्या मुलीला देत आहे. तिचं हातमोज्याशी ठरलं आहे. अट एवढीच की सासऱ्याने परवाना मागितला की तिने दर वेळी, शेठ मला म्हणायचे तसं, "आज भाव नाही" म्हणावं आणि आत निघून जावं.

मामा म्हणाले, "गाढवा, प्रेमात आहेस की वैरात?"

दोन्हीत.

इथवर लिहून झालं तेव्हा दुसरा साक्षीदार हवा म्हणून मामा उठले, आणि अख्खी वस्ती सोडून तिलाच घेऊन आले. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"मी काय तुझ्या गळाला लावलेलं आमिष आहे?"

मी म्हटलं, "तू होकार दिलास ना?"

"बाबांनी दिलाय. मला कोणी विचारलंच नाही. तूसुद्धा नाही. दोन वर्षं रोज बर्फ न्यायला यायचास, तोंड उघडायचास ते फक्त 'बारीक फोडून दे' म्हणायला!"

मामा छताकडे बघत होते. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि साक्षीदाराच्या जागी सही ठोकली. मग म्हणाली, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. वकिलाला विचार. आता दे कोणाला द्यायचा तो परवाना."

कलम ५. सबब कलम ४ मधलं दान रद्द. परवाना आईचा, तिने तो शेठ सोडून कोणालाही विकावा. कलम २ व ३ जसेच्या तसे कायम.

कलम ६. हे कलम तिने सांगितलं, मी लिहिलं. मी जिवंत परत आलो तर आधी बर्फ कारखान्यात जाईन, जे विचारायचं ते विचारीन, आणि मगच हा कागद फाडीन. तोवर होकार कोणाचाही असो, लग्न होणार नाही, असं ती म्हणते.

सही: लिहून देणार
साक्षीदार: १. मामा
२. बर्फ कारखानदाराची मुलगी (सही आधीच केली आहे)
ठिकाण: आमच्या घरचा ओटा
दिनांक: चौदा, शनिवार; बोट सोमवारी