ग्वानाह्वातोला जाण्याआधी

ट्रॉय, मिशिगन
१२ एप्रिल १९८६

प्रिय शैलू,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. घरात दोन एक्स्टेन्शन आहेत, दीपा कुठलं कधी उचलेल सांगता येत नाही. राजीवरावांना वाचून दाखव, पण तुझ्या पोरांसमोर नको.

ह्यांची बदली पक्की झाली. मेक्सिको, तीन वर्षं. गावाचं नाव ग्वानाह्वातो. मला अजून धड म्हणता येत नाही, दीपा हसते. ह्यांनी जाऊन स्लाइड्स काढून आणल्या. चांदीच्या खाणींचं जुनं गाव, डोंगराच्या उतारावर एकावर एक घरं, पिवळी, निळी, डाळिंबी. गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या, आणि मोटारी म्हणे जमिनीखालच्या बोगद्यांतून पळतात. हे किती सुंदर, किती सुंदर करत होते आणि मी पदराचं टोक चावत बसले होते. गेल्या सप्टेंबरात त्या देशात केवढा भूकंप झाला! हे म्हणतात, तो लांब तिकडे, आपला डोंगर पक्का आहे. ह्यांचं काय, ह्यांना सगळंच पक्कं वाटतं. एकोणसत्तरमध्ये इथे आले तेव्हाही मी घाबरले होते गं, पण तेव्हा हरवण्यासारखं जवळ काही नव्हतं.

दिवाळीत तुमच्याकडे राजीवराव तुझा आणि दीपाचा फोटो काढत होते, तेव्हा मी मध्येच घुसून उभी राहिले. तू हसून मला जागा करून दिलीस. पण तुला कळलं होतं, हो ना?

दीपा मात्र नाचतेय. शाळेत दोन वर्षं स्पॅनिश घेतलंय, घरात ते कळणारी ती एकटीच. म्हणून ह्यांनी व्हिसाचे सगळे फॉर्म तिच्याच गळ्यात मारले. अक्कल बघ माणसाची! जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ती म्हणजे बॅरिस्टरच. डोंट वरी आई, मी हँडल करते, म्हणाली. आमचा लग्नाचा दाखलासुद्धा तिने शोधून फाइलला लावला. आणि मंगळवारी विचारलं, माझं बर्थ सर्टिफिकेट कुठाय? मी भाजी हलवत म्हटलं, बँकेच्या लॉकरमध्ये असेल. बुधवारी पुन्हा तेच. काल म्हणाली, चल, मीच येते बँकेत. मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. भाजी करपली, तीही तिनेच उतरवली.

लॉकरमध्ये नाहीच तो जन्माचा दाखला. माझ्या शालूच्या घडीत आहे. नागपूरचा शिक्का, खाली टाचलेलं दत्तकपत्र, आणि आईच्या नावापुढे तुझं नाव, शैलू.

तिच्या जन्माच्या वेळी मी इथून नागपूरला आले, आणि बाराव्या दिवशी तू तिला माझ्या ओटीत घातलंस. खण, नारळ, तांदूळ, आणि वर ते एवढंसं गाठोडं. आईने दोघींना देवापुढे बसवून वदवून घेतलं, पोरीला कधी सांगायचं नाही. घरातल्या घरात दिलंय, त्यात सांगायचं काय, म्हणाली. आपणही मान डोलावली. केवढी चूक केली गं! पाच वर्षांची असताना सांगितलं असतं तर गोष्ट ऐकावी तशी ऐकून झोपून गेली असती. आता पंधरा वर्षांची आहे, आणि भाषांतर करायला म्हणून तो कागद हातात घेणार. ह्यांना म्हटलं तर म्हणतात, तू आई आहेस, तू बघ. मी आई आहे! भूकंपाचं सोड, मला ह्या दोन शब्दांचीच भीती वाटतेय.

वकिलाला कागद बावीस तारखेला द्यायचेत. त्याआधीच्या शनिवारी तू ये. एकटी ये. माझ्याच्याने एकटीने होणार नाही, आणि तिने ते कागदावर वाचायला नको, आपल्या दोघींच्या तोंडून ऐकायला हवं. ती रडेल, मला नाही नाही ते बोलेल. म्हणेल, मेक्सिको गेलं खड्ड्यात, मी पिस्कॅटवेला शैलूमावशीकडे राहते. तसं म्हणाली तर नाही म्हणू नकोस, शैलू. एकदा दिलेली पोर आहे ती, दुसऱ्यांदा परतवू नकोस. फक्त हो म्हणायच्या आधी एकदा माझ्याकडे बघ.

तुझीच,
सरलाताई